पडल्याचं सांगायचं नाही

केशोरी,
१२ ऑगस्ट २०२४

रिंकूबाईंना शामकलाचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही हे उघडलं असेल, तर आता शेवटपर्यंत वाचा. अडीच वर्षांपासून तुमच्या फोनवर माझा नंबर बंद आहे. तुमचे भाऊ, म्हणजे हे, "सब ठीक है"च्या पुढं एक शब्द बोलत नाहीत. आणि तुमची माय तुमच्याशी चक्क खोटं बोलते. म्हणून केशोरीहून दुर्गला पोस्टानं पत्र, या जमान्यात.

माय पडली. चोवीस जुलैला सकाळी, मागच्या परसातल्या सांदवाडीतून संडासाकडे जाताना शेवाळावरून पाय सटकला. डावं मनगट मोडलं. पलास्तर आहे. त्याच दिवशी संध्याकाळी तुमचा फोन आला होता. गळ्यात हात अडकवलेला, चेहरा दुखण्यानं काळा पडलेला, आणि उजव्या हातात फोन धरून ही बाई तुम्हाला सांगते, "मी मजेत आहो. आताच बांधीतून आली. धानाचा रोवणा मस्त चालू आहे." मी समोर उभी होते. माझ्याकडे असे डोळे केले की तोंड उघडशील तर पाहा.

मनगटाचं काही नाही, ते जुळेल. डॉक्टरांनी जाताना वेगळंच सांगितलं. म्हणाले, या वयात एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडतं, पुढच्या वेळी मनगटावर भागेलच असं नाही. त्यांनी कागदावर लिहून दिलं आहे. संडासात धरायला पाइप लावा, वाटेवर लाइट लावा, शेवाळ खरडा, चप्पल बदला, डोळे तपासा, पायांत ताकद यायचा व्यायाम करा. साध्या गोष्टी. त्यातली एक तरी मायीनं होऊ दिली का विचारा.

पाइप तुमच्या भावानं लावला. स्वतः उभं राहून, स्वतःच्या हाताला बरोबर येईल असा. मायीची उंची त्यांना माहीत नाही काय? खाली बसल्यावर तिचा हात पाइपाला पोचतच नाही. ती त्यावर लुगडं वाळवते. रबरी पायपुसणं आणलं, ते दुसऱ्या दिवशी वासराखाली अंथरलेलं. पट्ट्याची चप्पल आणली, ती लग्नाकार्याला घालायची म्हणून पेटीत. पायांत तीच जुनी, तळवे घासून गुळगुळीत झालेली. आणि बाबांचा चालताना धरायचा वाकर यांनी माळ्यावरून काढून, साबणानं धुऊन तिच्यासमोर उभा केला. तिनं नुसतं पाहिलं. सकाळी बघते तर वाकर सांदवाडीत, आणि त्यावर दोडक्याचा वेल चढवलेला.

व्यायामाचं नाव काढलं की म्हणते, "साठ वर्षं चिखलात वाकून रोवणा केला, आता मले चालाचं कोन शिकवते? पोट्ट्यांसारखी कवायत करू काय?"

तुमचं ती ऐकते. एक फोन करा आणि दरडावून सांगा. माझं नाव घेऊ नका.

हे सगळं लेखी कशासाठी, तेही सांगते. बाबा गेले तेव्हा तेरवीच्या पंगतीत, सगळ्या सोयऱ्यांसमोर, माझ्याकडे हात करून तुम्ही बोललात, "माझ्या बाबाले या बाईनं खाटेवर सडवलं." बाबा पडले, खुबा मोडला, तीन महिने खाटेवर होते. त्यांचं हागणं-मुतणं मी काढलं आणि ते वाक्यही मीच ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकणार नाही.

तुमची वहिनी,
शामकला


केशोरी,
६ सप्टेंबर २०२४

रिंकूबाई,

राखी आली. पाकिटावर फक्त भावाचं नाव, आत फक्त राखी. म्हणजे माझं पत्र पोचलं, हे समजलं. फोन केला नाहीत, हेही समजलं.

परवा पलास्तर काढलं. तालुक्याच्या दवाखान्यात भूमिका नावाच्या व्यायामवाल्या मॅडम आहेत, चिचगडकडच्या. कोवळी पोरगी, पण भारी चिवट. तिनं मायीला लाकडी खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "आजी, हात छातीवर ठेवा आणि न टेकता उभ्या राहा."

माय अर्धी उठली आणि धपकन बसली. दुसऱ्यांदा तेच.

"खुर्ची खराब आहे," माय म्हणाली.

मॅडमनं दुसरी खुर्ची आणली.

"हेबी खराब आहे."

मी कपाळाला हात लावला. मॅडम हसली नाही. तिनं विचारलं, "आजी, बरं झाल्यावर तुम्हाला काय करायचंय?"

"मले घरी जाचं आहे."

"घरी जाऊन?"

माय पदर नीट करायला लागली.

"रोज बाहेर जाता ना? शेजारी-पाजारी?"

"जातो ना. सुशीलाबाईकडे जातो, आपल्या दुकानात जातो, बांधीत जातो."

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "कुठं जाता माय? दीड महिना झाला, उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकला नाही. सुशीलाबाईंचं घर गल्लीच्या पलीकडं, तिथंही नाही. घरात भिंत धरून चालता. संडासाला उठावं लागेल म्हणून चार वाजल्यापासून पाणी पीत नाही. मला काय दिसत नाही?"

हे सगळं मी त्या पोरीसमोर बोलले. बोलून झाल्यावर मायीकडे पाहिलं तर तिची मान खाली. घरी आल्यावर तुमच्या भावाला म्हणाली, "या बाईनं माझी इज्जत काढली."

एक कामाचं झालं. बीपीची गोळी घेऊन उठलं की तिला गरगरायचं. तेही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, मॅडमनं खोदून काढलं. डॉक्टरांनी गोळी बदलली. डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, त्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. मॅडमनं चार व्यायाम दिले. खुर्चीतून उठ-बस, भिंत धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, आणि पावलापुढं पाऊल टाकत सरळ रेघेत चालणं. दिवसातून पंधरा मिनिटं. तो कागद मी ओसरीत चिकटवला. मायीनं त्यावर कॅलेंडर टांगलं.

रागावण्याच्या पलीकडं गेले आहे मी. फोन करा.

शामकला


केशोरी,
२० सप्टेंबर २०२४

रिंकूबाई,

तुमच्या तीन ओळी मिळाल्या. "मायीला विचारलं. ती म्हणते, शामकला वाढवून सांगते. माझ्या बाबालाही असंच सांभाळलं. आता मायीला काही झालं तर मी सोडणार नाही."

वाढवून सांगते! एका हातानं फोन धरून ती हे बोलली असेल, तेव्हा दुसऱ्या हाताचं मनगट अजून वाकडं आहे. पत्र हातात घेऊन मी तिच्यासमोर गेले. "माय, मी वाढवून सांगते?" तर म्हणते, "तिले दूर राहून कायले घोर लावाचा? तू समजदार आहेस." समजदार! या घरात समजदार म्हणजे जिला काहीही म्हटलं तरी चालतं ती.

पण तुमच्या मधल्या ओळीला उत्तर द्यायचं आहे. अडीच वर्षं दिलं नाही, आज देते. हे वाचून तुम्ही मला काय म्हणाल याची मला पर्वा नाही असं लिहिणार होते. पर्वा आहे.

बाबांचा खुबा मोडला ते त्यांचं पहिलं पडणं नव्हतं. तिसरं होतं. पहिल्यांदा ते बांधीच्या धुऱ्यावर पडले. मी शिदोरी घेऊन गेले होते, मीच हात देऊन उठवलं. दुसऱ्यांदा हातपंपाजवळ. तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "लीलाधरले सांगशील तर तो मले बांधीत जाऊ देनार नाही. तुले माझी शपथ आहे." मी सांगितलं नाही. ना यांना, ना तुम्हाला.

शपथेमुळं नाही सांगितलं, असं लिहिलं असतं तर मला बरं पडलं असतं. खरं असं की धान कापायला आला होता, घरात करणारी मी एकटी, दुकान, जनावरं, स्वयंपाक. सांगितलं असतं तर गोंदियाच्या दवाखान्याच्या चकरा माझ्याच मागं लागल्या असत्या. मनात आलं, जाऊ दे, म्हातारं माणूस आहे, पडतं कधी कधी. महिनाभरानं ते दुकानाच्या पायरीवरून पडले.

सडवलं मी त्यांना नाही. त्या तीन महिन्यांचा हिशेब मी कुणालाही देऊ शकते. पण आधीचा एक महिना माझ्या पदरात आहे. म्हणूनच तुमच्या मायीच्या मागं हात धुऊन लागले आहे. ती चिडते, मी चिडते, घरात रोज तमाशा. असू दे.

आता फोडा मला.

शामकला


केशोरी,
१६ ऑक्टोबर २०२४

रिंकूबाई,

तुमचं उत्तर नाही. मी वाटही पाहत नाही. पण आमच्याकडे एक गोष्ट घडली, ती मायीच्या लेकीला कळायला पाहिजे.

आठ दिवस झाले. सुशीलाबाई आपणच गल्ली ओलांडून आल्या. ओसरीत बसल्याबरोबर मायीवर तोंड सोडलं, "कावो वच्छला, मेली का जित्ती आहेस? येत काऊन नाहीस?"

माय म्हणाली, "काम राहते."

"काम राहते म्हने! भेव लागते म्हन ना. मीबी दोनदा पडली. एकदा चुलीपाशी, एकदा देवळाच्या पायरीवर. सुनेले सांगतलं नाही, सांगतलं तर ते मले देवळात जाऊ देनार नाही."

मी आत भाजी चिरत होते. हात थांबला. मग मायीचा आवाज, अगदी बारीक, "मलेबी भेव लागते वो. पाय उचलला का वाटते, आता गेली. आन् माहा पोरगा काय करते, तर त्याच्या बापाचा वाकर आनून समोर ठेवते. बुढ्यानं वाकर धरला आन् गेला. मले तो डोळ्यासमोर नको."

रिंकूबाई, दोन महिने मी त्या वेलावरून बोंबलत होते. यांना म्हणत होते, तुमची माय मुद्दाम करते. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की तो वाकर तिला नवऱ्याच्या तिरडीसारखा दिसत असेल. तिला विचारलंच नाही. कायले नाही, कायले नाही, एवढंच ओरडत राहिले. आणि ती तरी? तोंड आहे ना तिला? एकदा सांगितलं असतं तर माझं अर्धं रक्त आटलं नसतं.

पुढचं ऐका. सुशीलाबाई उठायला लागल्या, तर दोन्ही हात जमिनीवर टेकून, कण्हत. माय ओरडली, "अवो, असं नाही उठाचं! खुर्चीवर बस. पाय मांघं घे. समोर वाक, मंग उठ. हात नको लावू." आणि स्वतः खुर्चीवर बसून, हात छातीवर घेऊन, उभी राहून दाखवलं. एका दमात नाही, जरा डगमगून. पण उभी राहिली.

म्हणजे दवाखान्यातला शब्द न् शब्द ऐकलेला! मी दाराआड उभी. हसावं की डोकं आपटावं समजेना. मी काही बोलले नाही. या घरात येऊन पंचवीस वर्षांत एवढं गप्प राहण्याचं काम मला कधी पडलं नव्हतं.

तेव्हापासून रोज दहा वाजता सुशीलाबाई येतात. कॅलेंडर दुसऱ्या खिळ्यावर गेलं. माय मास्तरीण झाली आहे. "टाच उचल, भिंत काऊन कवटाळतेस, भिंत काय तुहा नवरा आहे?" परवा तिसरी एक बाई आली. मला चहा करावा लागतो, तिघींचा, आणि वर मायीचं ऐकावं लागतं की चहात साखर कमी आहे.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात गेलो तेव्हा भूमिका मॅडमनं तिला जमिनीवर सतरंजीवर निजवलं आणि पडल्यावर कसं उठायचं ते शिकवलं. घाई करायची नाही. आधी हात-पाय हलवून पाहायचे, मग कुशीवर वळायचं, रांगत खाट नाहीतर खुर्ची गाठायची, एक पाय पुढं घ्यायचा आणि उठायचं. मायीनं तीनदा करून दाखवलं. मग मॅडमनं पुन्हा विचारलं, काय करायचंय आजी? या वेळी ती म्हणाली, "मंडईले जाचं आहे. पायानं. पोराच्या गाडीवर बसून गठुड्यावानी नाही. दंडारीचा खेळ पाहाचा आहे समोर बसून."

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला यंदा ती चालत जाणार आहे म्हणे. पाइप यांनी काढून खाली लावला, मायीनं स्वतः बसून, हात पोचवून जागा दाखवली. चप्पल पेटीतून निघाली. वाकरवर दोडके लागले आहेत, ते तसेच राहू दिले.

शामकला


केशोरी,
२० नोव्हेंबर २०२४

रिंकूबाई,

काल तुमचा फोन माझ्या नंबरवर आला. "भाभी" म्हणालात आणि पुढं काही नाही. मीही काही बोलले नाही. मग फोन बंद झाला. म्हणून पुन्हा लिहून राहिली आहे. मायीनं परवा तुम्हाला फोनवर सांगितलं ते कसं घडलं, ते तुम्हाला माझ्याकडून कळू दे. ती तिच्या सोयीनं सांगते.

माय सोमवारी सकाळी पुन्हा पडली. घरामागच्या खळ्यात धानाच्या तणसावरून पाय घसरला. मी स्वयंपाकघरात होते, मला आवाजही आला नाही. ती आपणच उठली. शिकवल्यासारखी कुशीवर वळली, रांगत बैलबंडीच्या चाकापर्यंत गेली, ते धरून उभी राहिली, आणि चालत माझ्यासमोर आली. डोक्यात तणीस, कोपर खरचटलेलं. म्हणाली, "शामकला, मी पडली. सांगाचं म्हनून सांगून राहिली."

मी तिला बसवलं, हात-पाय चाचपले, कोपर धुतलं. काही मोडलं नव्हतं. खरं सांगते, मला इतकं हलकं वाटलं की मी तिला म्हटलं, "बरं केलं माय सांगितलं. बाबांनी सांगितलं असतं तर..."

"मले माहीत होतं," माय म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तो धुऱ्यावर पडला ते. हातपंपाजवळ पडला ते. मलेबी शपथ घातली होती त्यानं."

माझ्या हातात ओला कपडा. म्हटलं, "मग तेरवीत रिंकूबाई मला बोलल्या तेव्हा तुम्ही बाजूला बसल्या होत्या."

"होती."

"काही बोलल्या नाही."

तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी शब्दाला शब्द लिहिते. "सांगतलं असतं तर लेक माह्यावर रुसली असती. लेक रुसली तर येनंच बंद. तू कुठं जानार होतीस? सून घरातच राहते."

गॅसवर भात होता. तो करपला, मला वास आला नाही. मी कपडा टाकला, दुकानात गेले आणि पोत्यांच्या मागं जाऊन बसले. यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि बोलल्याबरोबर मला माझीच चीड आली. तेच करून राहिली ना मीही? या घरात प्रत्येक जण पडतो आणि म्हणतो काही नाही. मी यांना सगळं सांगितलं. बाबांचं, माझं, मायीचं. हे तराजूला हात लावून तसेच उभे. म्हणाले, "मलाही विचारता आलं असतं. मी विचारलं नाही."

तेवढ्यात दुकानासमोर माय. घरापासून दुकानापर्यंत, डांबरी रस्ता ओलांडून, एकटी आली. जुलैपासून पहिल्यांदा. पायरीशी थांबली, खांब धरला, चढली. माझ्याकडे न पाहता यांना म्हणाली, "लाव फोन रिंकूले."

पुढचं तुम्ही ऐकलंच. मी पोत्यांमागून ऐकत होते. तिनं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. एवढंच की "सून घरातच राहते" हे वाक्य तिनं तुम्हाला सांगितलं नाही, म्हणून मी लिहिलं.

मी तिला माफ केलं का, असं कुणी विचारू नका. त्या दिवशी रात्री मी तिच्याशी बोलले नाही, सकाळीही नाही. दहा वाजता बायका आल्या तेव्हा चहा दिला आणि तोंड फिरवून आत गेले. साखर कमीच होती, तरी ती काही बोलली नाही. दुपारी माझ्या ताटाशेजारी येऊन बसली. वाढून घेतलं नाही, नुसती बसली. मी म्हटलं, "जेवा आता. रिकाम्या पोटी गोळी घेऊ नका, पुन्हा गरगरेल." एवढंच. याच्यापुढं माझ्याकडून आज होत नाही, उद्याचं उद्या.

मंडई पुढच्या बुधवारी, सत्तावीसला आहे. माय चालत जाणार. सुशीलाबाई आणि तिसरी बाई बरोबर आहेत, मला मागून चालायची परवानगी मिळाली आहे, हात धरायची नाही.

तुम्ही या. राजनांदगाववरून येणारी बस कोहमाऱ्याला सोडते, तिथून अर्जुनीकडची गाडी मिळेल. भावाला फोन केला तर ते घ्यायला येतील, मला केला तर मीही येईन. माझ्याशी भांडायचं असेल तर भांडा, माझ्या वाटणीचं मी कबूल केलं आहे. मायीशी भांडायचं असेल तर तेही करा, मी मध्ये पडणार नाही. पण उशीर करू नका. आधी एका जागी सापडायची, आता चालायला लागली आहे. गावात कुठं शोधत फिराल?

शामकला